दोष धुराचा, खापर निकोटीनवर

डिप्रेशनच्या झोप आणणाऱ्या गोळ्या आणि तंबाखू यांच्याबद्दलचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच. तंबाखू-सिगारेटमधलं निकोटीन ह्या गोळ्यांचा असर मारून टाकतं, म्हणून व्यसन असणाऱ्याने डोस वाढवून घ्यावा. विडी काय आणि तंबाखू काय, सगळं सारखंच. निकोटीनचं च्युइंगम किंवा पट्टी तर ह्या गोळ्यांबरोबर जीवघेणी. गोळीने सुस्ती आली तर एक सिगारेट ओढावी, लगेच उतरते. आणि शेवटी, ठळक अक्षरांत: उपचार चालू असताना तंबाखू अजिबात सोडू नये, नैराश्य उलटतं.

मी फार्मासिस्ट आहे. तालुक्याच्या गावात माझं औषधांचं दुकान आहे आणि अॅमिट्रिप्टिलीन, मिर्टाझापिन, ट्रॅझोडोन, डॉक्सेपिन ह्या गोळ्या चिठ्ठ्यांवर कायम येतात. सगळ्या काही नैराश्यासाठीच लिहिलेल्या नसतात. १० मिलिग्रॅमची अॅमिट्रिप्टिलीन अर्धशिशीला देतात, मधुमेहाने पायांची आग होते तेव्हा देतात, जुनाट दुखण्याला देतात. त्यामुळे हा मेसेज वाचून जे माझ्याकडे येतात त्यातल्या कित्येकांना आपली गोळी त्या वर्गातली आहे हे तेव्हाच पहिल्यांदा कळतं. घाबरून ते मोबाइल आणि गोळ्यांची स्ट्रिप दोन्ही काउंटरवर ठेवतात. काही जण तोवर गोळी बंद करून मोकळे झालेले असतात.

मेसेजमध्ये सत्याचा एक कण आहे. त्या कणामुळेच तो पटतो आणि त्यामुळेच तो घातक आहे. एकेक दावा घेऊन बघू.

"निकोटीन गोळीचा असर मारतं, म्हणून डोस वाढवा."

असर कमी करतो तो धूर. निकोटीनचा त्यात हात नाही. सिगारेट किंवा विडी जळते तेव्हा पान पूर्ण जळत नाही, आणि त्या अर्धवट जळण्यातून बेंझोपायरीनसारखी हायड्रोकार्बनं तयार होतात. ती धुराबरोबर फुफ्फुसात, तिथून रक्तात आणि यकृतात पोचतात. यकृतात सीवायपी १ए२ नावाचं एक एन्झाइम असतं. काही औषधं मोडून शरीराबाहेर काढण्याचं काम त्याच्याकडे आहे. धुरातली ही रसायनं यकृताला ते एन्झाइम जास्त बनवायला लावतात, मग त्याच्यावाटे मोडणारी औषधं रक्तातून लवकर नाहीशी होतात. निकोटीन स्वतः मोडतं ते सीवायपी २ए६ ह्या वेगळ्याच एन्झाइमने.

आता प्रश्न हा, की आपल्या गोळ्या त्या १ए२ वर कितपत अवलंबून आहेत? इथे मेसेज पूर्ण घसरतो. धुराचा खरा मोठा परिणाम होतो तो क्लोझापिन आणि ओलान्झापिन ह्या स्किझोफ्रेनियाच्या औषधांवर. क्लोझापिन घेणाऱ्याने सिगारेट एकदम सोडली तर रक्तातलं औषध दीडपट किंवा त्याहून जास्त वाढू शकतं. विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. धूम्रपान करणारा रुग्ण दवाखान्यात भरती झाला आणि वॉर्डात सिगारेट बंद झाली, की मनोविकारतज्ज्ञ म्हणूनच सावध होतात. मेसेज लिहिणाऱ्याने तिथली गोष्ट उचलली आणि भलत्याच गोळ्यांना चिकटवली.

अॅमिट्रिप्टिलीन मोडायचं काम मुख्यतः २सी१९ आणि २डी६ ही एन्झाइमं करतात, १ए२ चा वाटा लहान. ट्रॅझोडोनचा भार ३ए४ वर. मिर्टाझापिनच्या कामात १ए२ चा वाटा आहे, म्हणून धूम्रपान करणाऱ्यांत त्याची पातळी काहीशी कमी सापडते, पण तिथेही आणखी दोन एन्झाइमं काम वाटून घेतात. नैराश्याच्या औषधांत धुराचा जास्त परिणाम होतो तो ड्युलोक्सेटिनवर, आणि ती झोपेसाठी दिली जाणारी गोळीच नाही. तिची रक्तातली मात्रा धूम्रपान करणाऱ्यांत साधारण एक तृतीयांशाने कमी असते. तरीही कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे, की निव्वळ धूम्रपानासाठी डोस बदलण्याची शिफारस नाही.

डोस ठरतो तो माणसाला किती बरं वाटतंय आणि काय त्रास होतोय ते पाहून. सिगारेट ओढणाऱ्याचा डोस डॉक्टरांनी बसवला तेव्हा तो सिगारेट ओढतच होता, म्हणजे धुराचा हिशोब त्या डोसमध्ये आधीच आलेला आहे. वर आणखी वाढवायचं कारणच उरत नाही.

आणि हे वाढवणं साधंसुधं नाही. गेल्या पावसाळ्यात पन्नाशीचे एक गृहस्थ आले. चिठ्ठी अॅमिट्रिप्टिलीन २५ ची, रात्री एक. म्हणाले, "मॅडम, ह्याच्याऐवजी ७५ ची द्या. दिवसाला दोन पाकिटं होतात माझी, मला तिप्पट लागणार." मी स्ट्रिप हातात धरून त्यांना विचारलं, की सकाळी उठताना चक्कर येते का? येत होती. लघवीला थांबून थांबून होते का? होत होतं. म्हणजे २५ सुद्धा त्यांच्या अंगात पुरेपूर काम करत होती. अॅमिट्रिप्टिलीन ट्रायसायक्लिक गटातली गोळी आहे. जास्त प्रमाणात गेली तर हृदयाची लय बिघडते आणि माणूस हाती लागत नाही. अशा गोळीचा डोस मोबाइलवरचा मेसेज वाचून तिप्पट करायला निघालेला माणूस माझ्या समोर उभा होता. हा लेख लिहावासा वाटला तो तिथे.

मिर्टाझापिनबाबत आणखी एक सांगायला हवं. ती झोप आणते ती मेंदूला जागं ठेवणाऱ्या हिस्टामीन ह्या रसायनाच्या कामाला अडवून, आणि ही अडवणूक साडेसात किंवा १५ मिलिग्रॅमलाच जवळपास पुरी होते. ३० केली म्हणून दुप्पट झोप लागत नाही.

"विडी काय, तंबाखू काय, सगळं सारखंच."

कर्करोगाच्या बाबतीत कुठलीच तंबाखू निर्दोष नाही. पण गोळ्यांच्या बाबतीत हे वाक्य साफ चूक आहे, आणि आपल्याकडे ही चूक फार महत्त्वाची. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २४.४ टक्के बिनधुराची तंबाखू वापरणारे निघाले आणि धूम्रपान करणारे ३.८ टक्के. ह्या राज्यातलं व्यसन मुख्यतः तळहातावर मळलं जातं, ओढलं जात नाही. परदेशातल्या सिगारेट ओढणाऱ्यांबद्दलची माहिती जशीच्या तशी इथल्या तंबाखू-चुन्याला लावली की गोंधळ होणारच.

तंबाखू-चुना खाणाऱ्याच्या अंगात निकोटीन भरपूर जातं. चुन्यामुळे तोंडातली आम्लता कमी होते आणि निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने शोषलं जातं. पण धूर जात नाही, त्यामुळे यकृतातलं ते एन्झाइम सिगारेटने वाढतं तसं वाढत नाही. तंबाखू खाणाऱ्याने "माझी गोळी तंबाखूने मरते" म्हणून डोस वाढवणं म्हणजे नसलेल्या खड्ड्यात भर घालणं.

त्याच न्यायाने, एखाद्याने सिगारेट सोडून मावा किंवा तंबाखू धरली तर त्याच्या यकृताच्या दृष्टीने त्याने धूर सोडलेला आहे. घरचे म्हणतात व्यसन काही सुटलं नाही, आणि ते बरोबरच आहे. पण क्लोझापिनसारखं औषध चालू असेल तर डॉक्टरांना हा बदल त्याच आठवड्यात कळायला हवा.

बिनधुराच्या तंबाखूचा ह्या गोळ्यांशी खरा संबंध येतो तो तोंडात. मेसेजमध्ये त्याबद्दल एक अक्षर नाही. अॅमिट्रिप्टिलीनने तोंड कोरडं पडतं. लाळ कमी झाली की दात किडतात, हिरड्या सुजतात, तोंडात बुरशी धरते. आमच्या भागात कितीतरी बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. एक मावशी पायांच्या आगीसाठी अॅमिट्रिप्टिलीन घेतात. तोंड सुकतं म्हणून त्यांनी मिश्री वाढवली, कारण मिश्री लावली की थोडी लाळ सुटते. दोनाची चार वेळा झाली. कमरेची डबी काढून त्यांनी मला दाखवली तेव्हा बोट दाताकडे नेताना त्यांचा ओठ आतून पांढुरका दिसत होता. मी त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणं यातलं काही दिसलं तर वाट बघत बसायचं नसतं. कोरड्या तोंडाला उपाय म्हणजे घोट घोट पाणी, बिनसाखरेचं च्युइंगम, आणि तरी भागलं नाही तर डॉक्टरांना सांगून गोळी किंवा डोस बदलून घेणं.

"निकोटीनचं च्युइंगम किंवा पट्टी ह्या गोळ्यांबरोबर जीवघेणी."

वर सांगितलेलं नीट पटलं असेल तर ह्याचं उत्तर वाचकालाच सुचेल. च्युइंगममध्ये आणि पट्टीत धूर नाही. गोळीच्या पातळीत त्यांनी ढवळाढवळ होत नाही. आणि जे निकोटीन मिळतं ते सिगारेटपेक्षा सावकाश आणि सहसा कमी. ज्या माणसाला रोज तंबाखूतून निकोटीन चालत होतं, त्याला तेच निकोटीन च्युइंगममधून आल्यावर एकाएकी जीवघेणं होईल हे पटण्यासारखं नाही.

२०१६ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात ईगल्स नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. आठ हजारांवर लोकांना धूम्रपान सोडण्यासाठी व्हॅरेनिक्लिन किंवा बुप्रोपिऑन ही औषधं, निकोटीनची पट्टी किंवा नुसती खोटी गोळी दिली होती. त्यातले निम्मे मानसिक आजाराचा इतिहास असलेले होते, बहुतेकांना नैराश्यासारखे आजार. पट्टी किंवा खोटी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत त्या दोन औषधांनी मानसिक दुष्परिणाम लक्षणीय वाढलेले दिसले नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ह्या दोन्ही औषधांवरचा मानसिक दुष्परिणामांबाबतचा सर्वांत कडक इशारा काढून टाकला.

जपायचं कुणी? नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलाय, हृदयाची लय बिघडलेली आहे, अशांनी निकोटीनच्या पट्टीआधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी वापरण्याची पद्धत समजून घ्यावी. च्युइंगम सतत चघळायचं नसतं. दोन-चारदा चावायचं, झणझणलं की गालात दाबून ठेवायचं, झणझण ओसरली की पुन्हा चावायचं. चहा-कॉफी किंवा आंबट सरबत पिऊन लगेच चघळलं तर निकोटीन नीट शोषलं जात नाही. अॅमिट्रिप्टिलीनने तोंड फार सुकत असेल तर च्युइंगमपेक्षा पट्टी सोयीची. पट्टीने रात्री विचित्र स्वप्नं पडत असतील किंवा झोप उडत असेल तर झोपताना ती काढून ठेवता येते.

सावध राहायचं ते बुप्रोपिऑनबद्दल. तंबाखू सोडायला उपयोगी पडणारी ही गोळी स्वतःच नैराश्याचं औषध आहे. ती २डी६ एन्झाइमला अडवते, म्हणून अॅमिट्रिप्टिलीनसारख्या गोळीची पातळी वाढते, शिवाय आकडी येण्याची शक्यताही वाढते. ही जोडी डॉक्टरांच्या नजरेखालीच हवी. मेसेजने खरं तर इथे लाल निशाण दाखवायला हवं होतं, दाखवलं च्युइंगमला.

"सुस्ती आली तर एक सिगारेट ओढा."

निकोटीन उत्तेजक आहे, त्याने क्षणभर तरतरी येते, हे खरं. पण सुस्ती येते ती हिस्टामीन अडवल्याने, आणि सिगारेट तिथे काहीच करत नाही. मिर्टाझापिन रक्तात अर्धी व्हायला २० ते ४० तास लागतात. निकोटीन दोन तासांत अर्धं होतं. म्हणजे सकाळची सुस्ती सिगारेटने उतरवायला निघालं की दुपारपर्यंत पाकीट संपतं, सुस्ती तिथेच. गाडी चालवणाऱ्याने तर ह्या तरतरीवर भरवसा अजिबात ठेवू नये. हुशारी परत आली असं वाटतं, पण ब्रेकवरचा पाय मंदच असू शकतो. सकाळी सुस्ती राहत असेल तर गोळी रात्री थोडी लवकर घ्यायची का, डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांशी बोलायचं.

उलट बाजूनेही बघा. झोप लागावी म्हणून गोळी घ्यायची आणि अंथरुणावर पडण्याआधी शेवटची सिगारेट किंवा तंबाखूचा शेवटचा बार. उत्तेजक आणि गोळी एकाच वेळी. शिवाय निकोटीन लवकर उतरतं म्हणून पहाटे तलफेने जाग येते, आणि माणूस म्हणतो गोळीचा असर गेला. काउंटरवर "झोप तुटते" म्हणणाऱ्याला मी आता आधी हेच विचारते, की शेवटची तंबाखू किती वाजता?

नाडीचं म्हणाल तर अॅमिट्रिप्टिलीनने ती जलद होते, निकोटीननेही होते. दोन्हींची भर पडते. छातीत धडधड होत असेल तर ती सांगण्यासारखी गोष्ट आहे.

आणि एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. गोळी घेतल्यावर पलंगावर पडून विडी ओढू नका. झोप कधी लागली ते कळत नाही, हातातली विडी गोधडीवर पडते. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत घरच्यांनी रात्रीची गोळी देण्याआधी काडेपेटी आणि विड्या उशाखालून काढून बाहेरच्या खोलीत ठेवाव्यात.

"उपचार चालू असताना तंबाखू सोडू नका, नैराश्य उलटतं."

सर्वांत जास्त नुकसान हे वाक्य करतंय. तंबाखू सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, उदास वाटतं, झोप लागत नाही, लक्ष लागत नाही. पहिल्या आठवड्यात त्रास सर्वांत जास्त आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरणारा. ही लक्षणं नैराश्यासारखीच दिसतात. एक विडी ओढली की लगेच बरं वाटतं, आणि माणसाची खात्री पटते की विडी हेच आपलं औषध. खरं म्हणजे त्या विडीने मागच्या विडीची तलफ भागवलेली असते.

पुढे काय होतं? २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. धूम्रपान सोडलेल्यांचं नैराश्य, चिंता आणि ताण न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेला दिसला. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांतही तसंच. हा फरक नैराश्याच्या औषधांनी पडणाऱ्या फरकाच्या तोडीचा होता. नॉरट्रिप्टिलीन ही अॅमिट्रिप्टिलीनची सख्खी भावंड असलेली गोळी तर सिगारेट सोडायला मदत म्हणूनही डॉक्टर वापरतात.

सोडण्याचा काळ निवडून घ्यावा एवढं मात्र मी सांगेन. नैराश्य अगदी तीव्र आहे, गोळी नुकती सुरू झालीय किंवा बदललीय, तर थोडं स्थिर होऊन मग तारीख ठरवावी, आणि ती डॉक्टरांना कळवावी. धूर सोडल्यावर यकृतातलं ते वाढलेलं एन्झाइम साधारण आठवडाभरात मूळ पातळीला येतं. मिर्टाझापिन किंवा ड्युलोक्सेटिन घेणाऱ्याला त्या दिवसांत जास्त गुंगी किंवा चक्कर वाटली तर डोस कमी करावा लागू शकतो. मेसेज "वाढवा" म्हणतो, आणि गरज पडलीच तर ती कमी करण्याची असते.

ह्यात चहाचीही एक बाजू आहे आणि ती सहसा कुणी सांगत नाही. चहातलं कॅफीन त्याच १ए२ एन्झाइमने मोडतं. धूम्रपान करणारा माणूस कॅफीन जवळपास दुप्पट वेगाने संपवतो, म्हणून टपरीवर दिवसभर कटिंग मारूनही रात्री झोपतो. धूर सोडला आणि चहा तेवढाच ठेवला, की तेच कॅफीन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं. हात थरथरतात, धडधडतं, झोप उडते. मग "बघा, सिगारेट सोडली आणि त्रास सुरू" असा निष्कर्ष निघतो. सिगारेट किंवा विडी सोडणाऱ्याने त्याच दिवसापासून चहा निम्म्यावर आणावा आणि संध्याकाळनंतरचा बंद करावा. तंबाखू खाणाऱ्याला हा हिशोब लागू नाही.

सोडल्यानंतर उदासी ओसरायच्या ऐवजी खोल जात असेल, जगणं नको वाटत असेल, तर चार आठवडे मोजत बसू नका. १४४१६ हा टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन आहे, तिथेही पैसे पडत नाहीत.

राहता राहिली दारू. मेसेज तिच्याबद्दल गप्प आहे. विडी-सिगारेटबरोबर संध्याकाळी क्वार्टर घेणारे आणि त्यावर रात्रीची गोळी घेणारे मला रोज भेटतात. अॅमिट्रिप्टिलीन, ट्रॅझोडोन किंवा मिर्टाझापिनवर दारू पडली की गुंगी दोन्हींची मिळून येते, श्वास मंदावू शकतो, रात्री लघवीला उठताना तोल जाऊन कमरेचं हाड मोडतं. डॉक्टर "काही घेता का?" विचारतात तेव्हा तंबाखू सांगून दारू लपवू नका. तंबाखू सांगतानाही नुसतं "व्यसन आहे" म्हणू नका. ओढता की खाता, दिवसाला किती, शेवटची रात्री किती वाजता, अलीकडे एक सोडून दुसरं धरलंय का, चहा किती, एवढं बोला. गोळी घेऊन झोप येत नसेल तर तेही त्याच खोलीत सांगा आणि स्ट्रिप बरोबर न्या.